फोनच्या खोलीतली म्यूटबाई

आमच्या वृद्धाश्रमात व्हिडिओ फोनच्या दिवशी मी अर्धीच इस्त्री करत असे. म्हणजे शर्टाची कॉलर, खांदे आणि वरची तीन बटणं, बस्स. खालचा भाग तसाच चुरगळलेला. ही युक्ती माझी नव्हे. मी कामचुकार आहे, पण इतकी हुशार नाही. युक्ती म्यूटबाईची. "फोनमध्ये छातीखालचं काही दिसत नाही, मग उगाच वीज कशाला जाळतेस?" असं तिने मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. तेव्हापासून बुधवारी आणि रविवारी आमची म्हातारी माणसं कडक कॉलरी, चापूनचोपून बसवलेले केस आणि खाली विटके पायजमे अशा थाटात फोनच्या खोलीबाहेर रांगेने बसायची. वरून कीर्तन, आतून तमाशा.

म्यूटबाई हे तिचं नाव अर्थातच नाही. ते आम्ही ठेवलं, का ठेवलं ते पुढे येईलच. आश्रमात येण्यापूर्वी एकोणीस वर्षं ती एका फोटो स्टुडिओत होती. फोटो मालक काढायचा, ही माणसं बसवायची. हनुवटी वर, खांदा थोडा इकडे, ओठ मिटा, आता हसा. लोक स्वतःच्या मोबाईलवर स्वतःचेच फोटो काढायला लागले तसा स्टुडिओ बंद पडला. निघताना ती तिथले उरलेले पुठ्ठे घेऊन आली, ज्यांच्यावर मोठे फोटो चिकटवून देत असत ते. आमच्या मॅनेजरांनी तिला विचारलं, तुम्हाला काय येतं? ती म्हणाली, "माणसं सरळ बसवता येतात." त्यांनी तिला फोनच्या खोलीवर नेमलं. स्वतः ती हसत नसे. दुसऱ्यांना हसवणं तिचा धंदा होता, स्वतः हसणं त्यात येत नव्हतं.

फोनची खोली म्हणजे पूर्वीची गाद्या ठेवायची खोली. एक टेबल, एक पाठ ताठ असलेली खुर्ची, खुर्चीवर उशी, कारण त्याशिवाय म्हाताऱ्यांची टाळूच तेवढी फोनमध्ये येई. भिंतीला फिकट निळं कापड. खिडकी समोर, पाठीमागे नाही. "उजेड मागून आला की माणसाचं भूत दिसतं," म्यूटबाई सांगायची. फोन उभा करायला तिने पुस्तक ठेवायची लाकडी घोडी मिळवली होती.

तिचे नियम साऱ्यांना पाठ झाले होते. फोन कानाला लावायचा नाही. चहा आधी प्यायचा, बिस्किट तोंडात असताना बोलायचं नाही. "ऐकू येतंय का" हे दोनदाच विचारायचं, तिसऱ्यांदा विचारलं तर समोरच्याला आपण ओझं वाटतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काय झालंय ते सांगायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, कोपऱ्यातल्या आपल्याच चित्राकडे बघत बसायचं नाही, वरच्या काळ्या ठिपक्याकडे बघायचं. हे म्हाताऱ्यांना जमत नसे. कितीतरी जण पंधरा मिनिटं स्वतःकडेच बघत बसायचे, आणि फोन संपल्यावर सांगायचे, आज एक म्हातारा फार टक लावून बघत होता.

पलीकडच्यांनाही ती सोडत नसे. एक चिरंजीव गाडी चालवता चालवता बापाशी बोलत होते. म्यूटबाईने फोनसमोर तोंड आणून सांगितलं, "साहेब, आधी गाडी उभी करा. बाबा थांबतील. त्यांना कुठे जायचंय?" एक सूनबाई भांडी घासता घासता बोलायच्या, त्यांना तिने नळ बंद करायला लावला. लोक चिडायचे, पण नळ बंद करायचे.

मला ती पहिल्यांदा आवडली नाही. आता आवडते असंही म्हणता येत नाही. इस्त्रीच्या खोलीत दुपारी ती माझ्याकडे येऊन बसायची, टेबलाच्या कडेला कोपर टेकून, आणि मी कॉलरी करत असताना गप्प राहायची. दोन माणसं गप्प बसून कंटाळत नाहीत एवढीच आमची मैत्री.

म्यूट करायचं ती शिकली ते कंडक्टर आजोबांमुळे. आजोबांनी उभं आयुष्य बसमध्ये तिकिटं फाडली होती. एका रविवारी त्यांच्या मुलाचा फोन आला. आजोबांनी विचारलं, "आपण कोण?" मुलगा म्हणाला, "बाबा, मी." आजोबा म्हणाले, "तिकीट घेतलंत का?" मुलगा आधी हसला. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा हसणं थांबलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने काही न बोलता फोन ठेवला, आणि पुढचे पाच महिने केला नाही. आजोबांना ते कळलंही नाही. दर रविवारी ते कॉलर ताठ करून रांगेत बसायचे आणि जेवणाची घंटा झाली की उठून जायचे. कळलं ते म्यूटबाईला.

"फोन वाईट संपला की पुढचा येत नाही," ती मला म्हणाली. "स्टुडिओतही तसंच होतं. फोटो वाईट आला की गिऱ्हाईक परत फिरकत नाही."

"अगं, पण म्हाताऱ्याला आठवत नाही तर तू काय करणार?"

"मी बसलेय ना बाजूला," ती म्हणाली.

तेव्हापासून ती खरोखरच बाजूला बसू लागली, फोनमध्ये दिसणार नाही अशी, अंगठा आवाज बंद करायच्या खुणेवर. म्हातारा अडखळला की अंगठा दाबायचा, कानाशी सांगायचं, "मुलगा आहे, धाकटा, त्याच्या कंबरेचं विचारा," आणि अंगठा उचलायचा. सगळा मामला चार-पाच सेकंदांचा. पलीकडचा म्हणायचा, आवाज गेला होता. म्यूटबाई म्हणायची, "हो ना, आमच्याकडचं नेट म्हणजे नुसती कटकट." तिचं नाव त्या महिन्यात पडलं. नेट बिचारं नाहक बदनाम झालं.

आम्हा सर्वांना हे माहीत होतं. मॅनेजरांना माहीत होतं, आयांना माहीत होतं, मला तर होतंच. अळीमिळी गुपचिळी. कोणाचं काही बिघडत नव्हतं, फोन गोड संपत होते, आणि फोन गोड संपले की नातेवाईक तक्रारी करत नाहीत. वेळ मारून नेणं हे आमच्या आश्रमाचं निम्मं काम आहे, आणि ते म्यूटबाई आमच्यापेक्षा चांगलं करत होती.

मग मास्तरीणबाई घसरायला लागल्या.

मास्तरीणबाईंनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. आल्या तेव्हा दोरीवर कपडे कुठल्या बाजूने घालावेत, वारा कुठून येतो, हे त्या मला अंगणात उभ्या राहून समजावत असत. एकुलती एक लेक, दूरच्या देशात, दोन विमानं बदलून यावं लागे. पण लेक गुणाची. दर रविवारी सकाळी अकरा म्हणजे अकरा, एकदाही चुकली नाही. गाडीत नाही, भांडी घासताना नाही, टेबलाशी नीट बसून, केस विंचरून, समोर उजेड घेऊन. म्यूटबाईला साऱ्या नातेवाइकांत तीच एक मान्य होती. "हिला सांगावं लागत नाही," ती म्हणायची.

मला घसरण कपड्यांवरून कळली. माझ्या हातात माणसं कपडे होऊनच येतात. आधी बटणं एकाआड एक लागलेली. मग दोन स्वेटर एकावर एक. मग खिशात रुमालाऐवजी मोजा, नीट चार घड्या घातलेला. डॉक्टर आले, त्यांनी लिहायचं ते लिहिलं. मॅनेजर दर महिन्याला लेकीला पत्र पाठवत, त्यात मात्र एकच ओळ असे, प्रकृती स्थिर. भिंतही स्थिरच असते.

लेक दर फोनला म्हणायची, "आई, उन्हाळ्यात येते. तुझ्या नातीची परीक्षा झाली की तीन महिने सुट्टी काढते. नुसत्या गप्पा मारू." तेव्हा वर्ष जेमतेम सुरू झालं होतं. मास्तरीणबाईंची आठवण आणि लेकीची सुट्टी, कोण आधी संपतं आणि कोण आधी येतं, एवढाच प्रश्न उरला होता. लेकीला सोडून तो सगळ्यांना माहीत होता.

सुरुवातीला म्यूटबाईचा अंगठा पुरला. पण मास्तरीणबाई जन्मभराच्या शिक्षिका. एकदा आवाज बंद करून ही कानाशी कुजबुजली, "लेक आहे, तिच्या ऑफिसचं विचारा," तर बाई एकदम ताठ झाल्या आणि दरडावून म्हणाल्या, "पुटपुटू नकोस. उत्तर येत असेल तर उभं राहून सांग." म्यूटबाई उभी राहिली. खरंच. फोनच्या मागे उभी राहून तिने मोठ्याने उत्तर सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरोबर. बस खाली." मी दारात कपड्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते.

असल्या गमतींत वेळ जायला लागला. चार सेकंदांचे पंधरा झाले, पंधराचे तीस. लेकीला ते बोचायला लागलं, आणि ती पडली कर्तबगार. तिने आश्रमाला नेटचा नवा डबा पाठवला, चांगल्यातला, आणि तो बसवायला माणूसही पाठवला. माणसाने शिडी लावून दोन तास खटपट केली. मॅनेजर खूश, आयांचे मोबाईल पळायला लागले, सगळ्या इमारतीत आनंदीआनंद. म्यूटबाई तेवढी इस्त्रीच्या टेबलाशी येऊन बसली.

"आता काय सांगू?" ती म्हणाली.

"खरं सांग."

"खरं सांगायचं मॅनेजरांनी. माझं काम फोन नीट पार पाडायचं."

पुढच्याच रविवारी लेकीने विचारलं, "ताई, आता तर नेट इतकं छान आहे, मग मधेच आवाज का जातो?" म्यूटबाईने सांगितलं, पावसाळी हवा आहे. बाहेर कडक ऊन होतं, आणि मी त्याच उन्हात चादरी वाळत घालत होते.

पुठ्ठ्यांची कल्पना तिला माझ्या यादीवरून सुचली. कपड्यांची यादी मी भिंतीवर लावते, कोणाचे किती शर्ट, किती चादरी. एकदा मास्तरीणबाई त्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती सगळी यादी खणखणीत आवाजात वाचून दाखवली. स्वल्पविरामाला थांबून, वर्गाकडे नजर टाकून. लेकीचं नाव गेलं होतं, आपली खोली कुठली हे गेलं होतं, पण वाचणं शाबूत होतं. समोर धरा ते वाचत होत्या. अर्थ कळत होता की नाही हा वेगळा भाग.

म्यूटबाईने स्टुडिओतले पुठ्ठे काढले आणि काळ्या मार्करने मोठ्या अक्षरात लिहायला बसली. मी म्हटलं, "अगं, पण ती काय विचारेल ते तुला आधी कसं कळणार?" ती म्हणाली, "माणसं फोनवर विचारून विचारून काय विचारतात?" तिचं खरं होतं. चाळीस पुठ्ठ्यांत सगळं बसलं. जेवण छान असतं. गुडघा आता बरा आहे. तुझं ऑफिस कसं चाललंय? नातीला सांग, नकाशा रोज भरायचा. माझी काळजी करू नकोस, मी मजेत आहे. काही पुठ्ठ्यांच्या मागे अजून कोणाकोणाच्या लग्नाच्या जोडीचे फोटो चिकटलेले होते, गिऱ्हाईक न्यायला आलंच नव्हतं त्यांचे.

पुठ्ठा ती फोनच्या बरोबर वर धरायची. त्यामुळे बाईंची नजर आपोआप काळ्या ठिपक्याजवळ जायची. इतकं नियमाला धरून आमच्याकडे आजवर कोणी बोललं नव्हतं. पाठ ताठ, आवाज स्वच्छ, वाक्यं पूर्ण, नजर थेट. लेकीने तोंडावर हात ठेवला. "आई! किती छान बोलतेयस तू! मागचे काही महिने मला काय काय वाटत होतं. म्हणजे सगळी त्या नेटचीच कटकट होती."

म्यूटबाईने पुठ्ठा वर केला. मास्तरीणबाईंनी वाचलं, "मी अगदी ठणठणीत आहे."

पुढच्या फोनला लेक म्हणाली, "आई, रागावणार नाहीस ना? तू इतकी बरी आहेस, तर मी या उन्हाळ्यात ऑफिसचं मोठं काम उरकून घेते. पुढच्या उन्हाळ्यात निवांत येते."

त्या दुपारी मी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्यूटबाईला म्हटलं, "हे तू केलंस." मी जरा जोरातच बोलले. "ती येत होती. तुझ्या पुठ्ठ्यांनी थांबवलंस तिला."

"पुढच्या वर्षी येतेय ना."

"पुढच्या वर्षी कोण ओळखणार तिला? भिंत?"

तिने टेबलावरची एक कॉलर सरळ केली. मग म्हणाली, "एकदा सुरू केलं की थांबवता येत नाही गं. आता पुठ्ठा नाही धरला तर एका रविवारात आई गेल्यासारखं होईल तिला. तो रविवार कुठला धरू, सांग तू." मी इस्त्री हातात घेतली. माझा राग फार टिकत नाही, कपडे पडून असतात.

आणि माझं तोंड तरी कुठे स्वच्छ आहे? दोनच आठवड्यांनी म्यूटबाईला ताप आला. रविवार होता, अकरा वाजत आले होते, मॅनेजर म्हणाले, तू बस फोनवर. मी बसले. पुठ्ठे हाताशी होते, क्रम तिने लावून ठेवला होता. मी एकेक धरत गेले, बाई वाचत गेल्या. ते सोपं होतं हे मला सांगितलंच पाहिजे. मग लेक एकदम म्हणाली, "बाजूला कोण आहे? ताई नाहीत का आज?" मी वाकून तोंड दाखवलं. म्हटलं, मी कपड्यांचं बघते.

"बरं झालं तुम्ही भेटलात," ती म्हणाली. "तुम्ही आईला रोज बघता. मला खरं सांगा, मी या वर्षी नाही आले तर चालेल ना? माझं मन खातं."

तिचा चेहरा उजेडात होता. ती ठिपक्याकडे बघत होती, म्हणजे थेट माझ्याकडे. मास्तरीणबाई माझ्या शेजारी स्वेटरचं टोक घडी करत होत्या, उलगडत होत्या, घडी करत होत्या. तीन शब्द पुरले असते. ताई, आताच या. इतके सोपे शब्द मी दिवसभर बोलत असते.

माझ्या मनात आलं, मॅनेजर काय म्हणतील. मनात आलं, म्यूटबाई उठल्यावर काय म्हणेल. आणि मनात आलं की फोन असा कसा संपवायचा, बाई नीट कपडे करून बसल्यात, पलीकडे ती नीट केस विंचरून बसलीय. ते अवघड झालं असतं, नुसतं अवघड. मी म्हटलं, "चालेल की, ताई. बाई छान आहेत." आणि पुठ्ठा वर धरला. मास्तरीणबाईंनी खणखणीत वाचलं, "सावकाश ये, घाई नको."

त्या दिवशी मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं, पण वाटलं नाही. दुपारी मी बावीस चादरी इस्त्री केल्या.

वर्ष गेलं. बाई वाचत राहिल्या.

लेक आली ती एका मंगळवारी सकाळी. आल्याबरोबर मॅनेजरांनी तिला चहाला बसवलं आणि बहुधा काहीतरी सांगायला सुरुवात केली, वयोमानाप्रमाणे थोडंसं वगैरे, पण ती कप तसाच ठेवून उठली. म्यूटबाईने सकाळपासून मास्तरीणबाईंना तयार केलं होतं. मी त्या दिवशी कपड्यांना खालपर्यंत इस्त्री केली. बाईंना नेहमीच्या खुर्चीवर बसवलं होतं, फोनच्या खोलीतच, कारण तिथे त्या शांत राहत. फोन तेवढा उचलून ठेवला होता.

लेक दारातून आली आणि म्हणाली, "आई."

मास्तरीणबाई ताठ बसल्या. हनुवटी वर, ओठांवर बेताचं हसू. बघत होत्या तिच्याकडेच, पण तिच्या डोक्याच्या वर जरा. थोडं थांबल्या. मग मान वळवून म्यूटबाईला विचारलं, "आज काय वाचायचं आहे?"

लेकीला वाटलं, आई चेष्टा करतेय. ती हसली, पुढे आली, गुडघ्यांवर बसली, आईचे हात हातात घेतले. बाईंनी हात घेऊ दिले. त्या फार सभ्य होत्या, शेवटपर्यंत. पुन्हा म्हणाल्या, "पाठ द्या ना. पाठ नसेल तर मी काय वाचू?"

आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या होतो. म्यूटबाईचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

लेक नऊ दिवस राहिली. तीन महिन्यांची सुट्टी काढून आली होती, पण नऊ दिवसांनी परत जायचं ठरवलं. आरडाओरडा केला नाही. मॅनेजरांकडून डॉक्टरांचे कागद मागून घेतले, वाचले, परत दिले. ते मान खाली घालून म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास नको." ती म्हणाली, "हो." तिने आईला रोज भरवलं, केस विंचरले, नकाशाचं पुस्तक आणून समोर धरलं. बाईंनी नद्यांची नावं वाचली. लेकीचं स्वतःचं नाव तिने एकदा कागदावर लिहून धरलं. बाईंनी तेही वाचलं, इतर शब्दांसारखंच, आणि पुढच्या कागदाची वाट पाहिली.

निघायच्या आदल्या दुपारी ती इस्त्रीच्या खोलीत आली. हातात पुठ्ठे होते, सगळे चाळीस. फोनच्या खोलीतल्या कपाटात तिला सापडले असावेत. म्यूटबाई टेबलाच्या कडेला बसली होती, ती उठली.

"बसा," लेक म्हणाली. तिने पुठ्ठे टेबलावर ठेवले. मी इस्त्री बाजूला केली, पुठ्ठा जळू नये म्हणून. मला तेवढंच सुचलं.

"अक्षर छान आहे तुमचं," ती म्हणाली.

"स्टुडिओत पाट्या लिहायचे," म्यूटबाई म्हणाली.

"यातलं एकही वाक्य आईचं नाही का?"

म्यूटबाईने पुठ्ठ्यांकडे बघितलं. मला वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलेल. फोन गोड संपवायची तिला इतक्या वर्षांची सवय. एखादं वाक्य उचलून म्हणाली असती की हे मात्र त्यांनीच सांगितलं होतं लिहायला, तर कोण खोटं पाडणार होतं? मी तर नक्कीच नाही.

"नाही," ती म्हणाली. "सगळी मीच लिहिली. पहिले सहा-सात महिने त्या स्वतः बोलायच्या. नंतरचं माझं आहे."

लेकीने मान हलवली. ती रडत नव्हती. आमच्यापैकी कोणीच रडत नव्हतं. बाहेर अंगणात धुण्याचं यंत्र धडधडत होतं.

"आणि फोन बंद झाल्यावर?" लेकीने विचारलं. "मी ठेवल्यावर आई काही म्हणायची? की तशीच उठून जायची?"

म्यूटबाईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"म्हणायच्या," ती म्हणाली. "दर वेळी म्हणायच्या. ते मी शिकवलेलं नाही."

"काय?"

"म्हणायच्या, चांगली मुलगी आहे. दर आठवड्याला येते. हिची आई कुठे असते?"

लेकीने टेबलाची कड धरली. मग अगदी हळू, फोनवर विचारावं तसं नीट, वाक्य पूर्ण करून तिने विचारलं, "मग तुम्ही काय सांगत होता तिला?"

"लांब असते, म्हणायचे," म्यूटबाई म्हणाली.